पाळी आणायची गोळी

पाळी चुकली की दोन गोळ्या घ्यायच्या. पुढच्या काही दिवसांत रक्तस्राव झाला तर दिवस गेलेले नाहीत, झाला नाही तर गेलेत. इतकी सोपी परीक्षा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभरच्या बायकांनी ती दिली आणि आपल्याकडे ती १९८०चं दशक सरत आलं तरी चालू होती. औषधाच्या दुकानात तिला कुणी ‘हार्मोनल प्रेग्नन्सी टेस्ट’ म्हणत नव्हतं. बायका म्हणायच्या, पाळी आणायची गोळी.

या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन जातींची संप्रेरकं एकत्र असायची. ती शरीरात गेली की गर्भाशयाच्या अस्तराला वाटतं, थांबायचंय. गोळी संपली की संप्रेरकं उतरतात आणि अस्तर गळून पडतं. गर्भ असेल तर शरीर स्वतःच ती संप्रेरकं भरपूर तयार करत असतं, म्हणून बाहेरची दोन गोळ्यांची भर संपली तरी काही घडत नाही. गणित बरोबर आहे. अडचण एवढीच, की उत्तर ‘हो’ आलं तर ते औषध गर्भ असलेल्या बाईने घेऊन झालेलं असतं. तेही पाचव्या-सहाव्या आठवड्यात, जेव्हा बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडायला लागलेले असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चालू सिस्टिमवर थेट टेस्ट करायला बसलात तर मॅनेजर खुर्चीतून उठून येतो.

ब्रिटनमध्ये या गोळीचं सगळ्यात प्रसिद्ध नाव होतं प्रिमोडोस. शेरिंग कंपनीची. एका गोळीत १० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेट आणि ०.०२ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल. ती बाजारात आली त्या सुमारास जर्मनीत दुसरी एक गोळी धडाक्यात खपत होती. कॉन्टरगान, म्हणजे थॅलिडोमाइड. १ ऑक्टोबर १९५७ला ग्रुनेन्थाल कंपनीने ती आणली. झोपेसाठी, आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही लोक ती घेऊ लागले. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती. ‘निर्धोक’ हेच तिचं मोठं आकर्षण होतं. नोव्हेंबर १९६१मध्ये ती मागे घेतली गेली तोवर हातपाय अर्धवट वाढलेली दहा हजारांहून जास्त मुलं जन्माला आली होती, आणि जन्माआधीच किती गेली याचा हिशेब कुणाकडे नाही. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या एफडीएमधल्या बाईंनी कंपनीच्या कागदपत्रांवर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून परवानगी अडवून धरली, म्हणून तो देश बराचसा वाचला.

थॅलिडोमाइडनंतर गरोदरपणातल्या प्रत्येक औषधाकडे जग संशयाने बघायला लागलं असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. १९६७मध्ये इसाबेल गाल या मुलांच्या डॉक्टरांनी ‘नेचर’मध्ये एक छोटी नोंद छापली. पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या १०० आया आणि निरोगी मुलांच्या १०० आया त्यांनी तपासल्या. पहिल्या गटातल्या १९ जणींनी हार्मोनची गर्भचाचणी केली होती, दुसऱ्या गटातल्या ४ जणींनी. नॉर्वे आणि स्वीडनने १९७०मध्ये गर्भचाचणीसाठी या गोळीचा वापर थांबवला. ब्रिटनने अधिकृत इशारा दिला १९७५मध्ये, आणि प्रिमोडोस दुकानातून गेली १९७८मध्ये. अकरा वर्षं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टींत ती नसते. ही गोळी आणि जन्मदोष यांचं नातं थॅलिडोमाइडसारखं स्वच्छ सिद्ध झालेलं नाही. २०१७मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञगटाने म्हटलं की कारण-परिणामाचा संबंध पुराव्यातून दिसत नाही. २०१८च्या एका आढाव्याने उलट म्हटलं, संबंध दिसतो. मग २०२०मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला आणि त्याने वादाची बाजूच बदलली. समितीचं म्हणणं असं, की ही गोळी १९६७मध्येच गर्भचाचणीसाठी बंद व्हायला हवी होती, कारण धोक्याची शंका होती आणि गोळीची गरज उरलेली नव्हती. लघवीतल्या एचसीजी संप्रेरकावरून बाईच्या शरीराबाहेर, परीक्षानळीत गर्भ ओळखण्याची सोपी पद्धत १९६०मध्येच निघाली होती. मला हा मुद्दा सगळ्यात पटतो. औषध विष आहे का हा प्रश्न विचारण्याआधी एक साधा प्रश्न असतो: हे घेतलं नाही तर काय बिघडेल? या गोळीच्या बाबतीत उत्तर होतं, काहीही नाही.

भारतात मात्र गोळीचं कामच वेगळं होऊन बसलं होतं. इथे ती चाचणी म्हणून कमी आणि ‘मोकळं व्हायला’ जास्त घेतली जायची. पाळी चुकलेली बाई किंवा तिचा नवरा दुकानात जायचा, हलक्या आवाजात सांगायचा, काउंटरवरून पाकीट यायचं. कागदोपत्री हे चिठ्ठीवरचं औषध, प्रत्यक्षात नव्हे. गर्भ असेल तर ही गोळी तो पाडू शकत नाही, हे दुकानदार सांगायचा नाही, आणि कित्येक डॉक्टरही सांगायचे नाहीत. दोन गोळ्यांनी झालं नाही म्हणून चार, चारांनी नाही म्हणून आठ.

याची मुळं आपल्या घराघरात आहेत. पपई, तीळ, गूळ, ओवा, कसकसले काढे. ‘गरम पडते’ हे वाक्य भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जे गरम ते गरोदर बाईने टाळायचं, आणि जिला गरोदर राहायचं नाही तिने मुद्दाम खायचं. पाळी ‘अडकली’ आणि ती ‘मोकळी’ केली, अशी भाषा असली की गर्भपात हा शब्द उच्चारावाच लागत नाही. गोळी या जुन्या भाषेत अलगद जाऊन बसली. कायद्याला हा धंदा ठाऊक होता. १९५४च्या जादूटोणासदृश औषधांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात, म्हणजे ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्टमध्ये, बंदी घातलेल्या जाहिरातींत गर्भ पाडण्याची औषधं आहेत आणि ‘मासिक पाळीचे दोष दुरुस्त’ करणारीही आहेत. पण कायदा जाहिरातीला लागू. काउंटरवरच्या कुजबुजीची कुठे जाहिरात असते? गर्भपाताचा कायदा १९७१मध्ये झाला, १९७२मध्ये लागू झाला. पण गावातल्या बाईसाठी सरकारी दवाखान्याची रांग, नवऱ्याची सही लागेल ही भीती (कायद्यात ती सज्ञान बाईला लागत नाही, तरी मागितली जायची) आणि ओळखीची नर्स, यापेक्षा मेडिकलची पायरी जवळ होती.

१९८२मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी जास्त मात्रेच्या या मिश्र गोळ्या बंद करायचं ठरवलं. उत्पादन आधी थांबेल, विक्री त्यानंतर काही महिन्यांनी. काही कंपन्या हायकोर्टात गेल्या आणि त्यांना स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे काय, तर खटला चालू राहतो आणि विक्रीही. त्याच वर्षी औषध कायद्यात दुरुस्ती होऊन २६-अ हे कलम आलं. एखादं औषध धोक्याचं असेल किंवा त्याचा काही उपयोग नसेल तर केंद्र सरकारला त्यावर थेट बंदी घालता येईल, असं ते कलम. गंमत पाहा, बंदीची इच्छा आणि बंदीची ताकद एकाच वर्षात आली, तरी गोळी आणखी पाचेक वर्षं विकली गेली.

मग लढलं कोण? दिल्लीतून डॉ. मीरा शिवा आणि ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. अनंत फडके, लोकविज्ञान संघटना, मेडिको फ्रेंड सर्कलचे डॉक्टर. आणि स्त्री-संघटना. औषधाच्या प्रश्नावर बायकांच्या संघटना रस्त्यावर येणं तेव्हा नवीन होतं, आणि त्या संघटनाही नव्याच होत्या.

त्या कुठून आल्या, याचा एक धागा आमच्याच नदीच्या काठावर आहे. कारध्याच्या पुलाखालून जाणारी वैनगंगा पुढे देसाईगंज-वडसाजवळून वाहते. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सुप्रीम कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८०मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. देशभरात तशाच गटांची रांग लागली. बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न एकदा चौकीच्या संदर्भात विचारला गेला की तो दवाखान्याच्या आणि दुकानाच्या संदर्भातही विचारला जाणारच होता. पुढच्या काही वर्षांत याच मुंबईतून गर्भलिंग चाचणीविरुद्धची मोहीम निघाली आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने त्यावर देशातला पहिला कायदा केला. हार्मोनच्या गोळीची लढाई या सगळ्याच्या अधेमधे आहे. तिच्यावर सिनेमा नाही, पुतळा नाही. शाळेच्या पुस्तकात तर नाहीच.

केरळचे वकील व्हिन्सेंट पनिकुलंगरा धोकादायक औषधांविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते. मार्च १९८७च्या निकालात कोर्टाने सांगितलं की लोकांचं आरोग्य राखणं हे राज्याचं पहिल्या रांगेतलं कर्तव्य आहे. औषधं कोणती ठेवायची हे ठरवणं मात्र तज्ज्ञांचं काम, असं म्हणून कोर्टाने स्वतः यादी हातात घेतली नाही. हार्मोनच्या गोळ्यांबाबत १९८७मध्ये महानगरांत जाहीर सुनावण्या झाल्या. एका बाजूला कंपन्या आणि काही नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ: पाळीच्या इतर तक्रारींवर औषध उपयोगी आहे, लोक गैरवापर करतात तर औषधाचा काय दोष? दुसऱ्या बाजूला कार्यकर्ते: त्या तक्रारींवर वेगळी, कमी जोखमीची औषधं आहेत, आणि ज्या देशात चिठ्ठीशिवाय काहीही मिळतं तिथे ‘गैरवापर’ हाच खरा वापर असतो. हे दुसरं वाक्य मला आजही कुठल्याही औषध-धोरणाच्या चर्चेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८८मध्ये बंदी आली.

बंदीने गरज बंद झाली नाही, हे सांगायला नको. खरोखर गर्भपात करणारी गोळी, मिफेप्रिस्टोन, भारतात २००२मध्ये मंजूर झाली. मिसोप्रोस्टॉलबरोबर, डॉक्टरच्या देखरेखीखाली, नऊ आठवड्यांपर्यंत ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. तीही काउंटरवरून विकली जाऊ लागली. मग २०११नंतर महाराष्ट्रात मेडिकलवर धाडी पडल्या, हिशेब मागितले गेले, आणि कित्येक दुकानदारांनी ती ठेवणंच सोडून दिलं. निमित्त गर्भलिंग निवडीचं. पण नऊ आठवड्यांत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. आधी कुचकामी गोळी सहज मिळत होती. पुढे काम करणारी गोळी आली, तर चिठ्ठी असूनही सापडेना.

आता आजकडे येतो. माझी वहिनी कारध्याला असते, सध्या सहावा महिना चालू आहे. दिवाळीच्या आधी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पाकिटाचा फोटो पाठवला. “भाऊजी, डोकं लई दुखते. हे चालते का हो?” मी इंजिनिअर, डॉक्टर नाही, हे तिला माहीत आहे. पण घरात इंग्रजी बारीक अक्षर वाचायचं काम माझ्याकडे असतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव, खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन औषधं: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. पहिलं गरोदरपणात डॉक्टर साधारणपणे देतात. दुसऱ्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२०मध्ये इशारा दिलाय: विसाव्या आठवड्यानंतर टाळा, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचाही धोका असतो. मी लिहिलं, “वहिनी, ही नको. आणि डॉक्टरला आजच फोन करा, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पायावर सूज असेल तर थांबू नका.” सहाव्या महिन्यात डोकं फार दुखणं हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं, तिथे प्रश्न कोणती गोळी हा नसून बीपी किती हा असतो. तिचा बीपी ठीक निघाला. डॉक्टरांनी साधी पॅरासिटामॉल सांगितली.

त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, कारण सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला होता आणि ते रील कारध्यापर्यंत पोचलं होतं. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४मध्ये एक अभ्यास छापला गेला. त्यात एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली तेव्हा असा संबंध उरला नाही. ताप अंगावर काढणं हेही बाळासाठी सुरक्षित नसतं. लागेल तेवढीच, कमीत कमी दिवस, आणि सर्दीच्या गोळीतही तेच औषध लपलेलं नाही ना हे बघून.

दुकानातून सहज मिळणाऱ्या औषधाला आपण ओटीसी म्हणतो, पण आपल्या औषध कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. जे चिठ्ठीच्या याद्यांत नाही ते मोकळं, एवढंच. सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे १९४५च्या नियमांतलं परिशिष्ट ‘के’. एक हजारापर्यंत वस्ती असलेल्या गावात किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय काही ‘घरगुती औषधं’ विकता येतात, कंपनीच्या बंद वेष्टनात. यादीत पॅरासिटामॉल आहे, बाम आहे, ग्राइप वॉटर आहे. अ‍ॅस्पिरिन, एरंडेल आणि क्विनीनही आहे. हल्ली अ‍ॅस्पिरिन काही गरोदर बायकांना अगदी कमी मात्रेत, रक्तदाबाच्या धोक्यासाठी, डॉक्टर देतात. डोकेदुखीच्या मात्रेत आपल्या मनाने घ्यायची ती नव्हे. एरंडेलाने कळा येतात, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. क्विनीन एके काळी गर्भ पाडायला वापरलं जाई. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे गिऱ्हाईक होतं ते बहुधा पुरुष असावं. वेष्टन घेणारी बाई पोटुशी आहे का, हा रकाना त्या यादीत नाही.

सगळा इतिहास असा खिन्न नाही. दुकानातल्या बरणीनेच गरोदर बायकांचा जीव वाचवल्याची गोष्ट मुंबईची आहे. १९२८मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय व्हायचा, तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या. बायका मरत होत्या. जंतू असेल म्हणून शोध झाला होता. विल्सबाईंनी ताट बघितलं. ज्यांच्या जेवणात भाजी-फळं जवळजवळ नव्हती, त्यांच्यात आजार जास्त होता. उंदरांना तसंच खायला घालून त्यांनी प्रयोग केले, पण नंतर कळलं की उंदरांच्या रक्तक्षयात उवांतून आलेल्या एका संसर्गाचाही हात होता. प्रयोग वाया जायचा. मग माकडांवर, आणि शेवटी मार्माइटवर त्या पोचल्या. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा. इंग्रज तो पावाला लावून खात. स्वस्त. तो दिला तेव्हा बायकांचं रक्त भराभर सुधारलं. १९३१मध्ये त्यांनी ते छापलं. त्या लगद्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१मध्ये तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. नाव मिळालं फॉलिक अ‍ॅसिड.

पुढे १९९१मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या बायकांवरचा प्रयोग छापला. आधीचं मूल कण्याच्या दोषाचं असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुढच्या मुलात तो दोष ७२ टक्क्यांनी कमी झाला. इसाबेल गाल ज्या मुलांच्या आया मोजत होत्या, त्याच दोषाची ही गोष्ट.

आशाताई वहिनीला देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फॉलिक अ‍ॅसिड, ४०० मायक्रोग्रॅम. आमच्या भागात सिकलसेल बराच आहे, त्यामुळे लोह सुरू करताना ती तपासणी झाली आहे का हेही विचारायचं असतं. आणि बाळाचा कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बहुतेक घरांत तेव्हा कुणी कुणाला काही सांगितलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्या महिन्यापासूनच ती छोटी गोळी सुरू करायची असते. उपकेंद्रात मागितली की मिळते.